पांढरी शाई खाली बसते

प्रिय दादा,

परवा तू माझ्या खोलीवर पाऊण तास बसलास, दोन कप चहा घेतलास आणि निघताना म्हणालास, "मग ठरलं तर." काय ठरलं, ते तुझं तूच ठरवलंस. मी मान हलवली हे खरं, पण ती लहानपणापासूनची सवय. तू बोलायचं आणि मी मान हलवायची, अशी आपली वाटणी कधीचीच झालेली आहे. तू समोर असलास की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि तू जिना उतरून कोपऱ्यावर पोचलास की मला एकेक मुद्दा सुचायला लागतो. म्हणून आज लिहायला बसले. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही, एवढा फायदा मी घेणार आहे.

तुझं म्हणणं मला नीट समजलंय. गुरुवारी, म्हणजे उद्या, हॉस्पिटलात बाहेरची तपासणीची मंडळी येणार. तुझ्या लॉन्ड्रीतल्या बायका त्या दिवशी घालायला माझ्याकडून टीशर्ट छापून घेताहेत, ही बातमी साहेबांच्या कानावर गेली. साहेबांनी तुला बोलावून सांगितलं की लॉन्ड्रीचे सुपरवायझर तुम्ही, छापणारी तुमची बहीण, तेव्हा हे तुम्हीच निस्तरा, नाहीतर गणवेशांचं काम दुसरीकडे जाईल. मग तू आलास आणि मला म्हणालास की गुरुवारपर्यंत मशीन बंद ठेव, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. यावर माझं उत्तर 'नाही' असं आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. नाहीतर तू शेवटचं पान आधी बघणारा माणूस.

आता मशीनचं ऐक. ते तीन दिवस बंद ठेवताच येत नाही. चार रंगांच्या शाया बिचाऱ्या गुणी आहेत, सुट्टी दिली तरी रुसत नाहीत. पण पाचवी, पांढरी, फार मानी. तिच्यातला रंग जड असतो. हलवली नाही की तो तळाशी बसतो, नळ्यांत साका धरतो, आणि शाई फवारणाऱ्या हेडच्या भोकांत एकदा वाळला की हेड कामातून गेलं समज. ती भोकं केसाहून बारीक आहेत. म्हणून मी रोज सकाळी साडेसातला येऊन आधी पांढरीची टाकी हलवते, मग तपासणीची पट्टी छापते आणि चष्मा पुसून एकेक रेघ बघते. रेघ तुटली असली तर भोक बुजलंय. काम असो वा नसो, सण नाही, रविवार नाही. गेल्या महिन्यात तापाने फणफणले होते तेव्हाही वहिनीला फोनवर सांगून हलवून घेतली होती. तेव्हा "तीन दिवस बंद ठेव" हे तू मशीनला सांग, ते मान हलवणारं नाही.

तुझे उपकार मी विसरलेले नाही, हेही इथेच लिहिते. मशीन आलं त्या दिवशी तू रजा टाकली होतीस. जिन्याचं वळण अरुंद, दोन हमाल हात टेकून बसले. तेव्हा तू लॉन्ड्रीतल्या जुन्या चादरी पिळून त्यांचे पट्टे केलेस आणि बत्तीस पायऱ्या पेटारा असा वर आणलास की आतला एक स्क्रूसुद्धा हलला नसेल. खोलीचं अर्थिंग तू तपासून घेतलंस. खिडकीला धूर ओढणारा पंखा तू बसवलास. पन्नाशीला टेकलेला माणूस स्टुलावर चढून भिंतीला भोक पाडतोय आणि खालून वहिनी "पडाल हो" म्हणतेय, हे मला दिसतंय अजून. आणि गणवेशांचं पहिलं काम, चारशे सदरे, तेही तुझ्याच शब्दाने आलं. त्या कामाशिवाय हे मशीन इथे नसतं.

मशीन लावून द्यायला आलेला तंत्रज्ञ अर्धा दिवस थांबला. दर पाच मिनिटांनी "ताई, एकदम सोपं आहे" म्हणायचा, आणि त्यानंतर सगळं फोनवरून, उंटावरून शेळ्या हाकणं. सोपं आहे ते एवढंच. चित्र आधी प्लॅस्टिकच्या फिल्मवर उलटं छापलं जातं, खाली रंग आणि वर पांढऱ्याचा थर. शाई ओली असतानाच त्यावर गोंदाची पावडर पसरायची, जास्तीची झटकून टाकायची आणि ती फिल्म ओव्हनमध्ये ठेवायची, म्हणजे पावडर वितळून चकाकते. मग फिल्म कापडावर उलटी ठेवून पंधरा सेकंद गरम दाबायची, गार होऊ द्यायची आणि सोलायची. प्लॅस्टिक हातात येतं, चित्र कापडावर राहतं, सुलटं. पहिला टीशर्ट मी वहिनीला छापून दिला. तिच्या भाचीने काढलेलं मांजर होतं ते. वहिनी तो घालून बाजारात गेली आणि भाजीवालीने विचारलं हा बैल कुठे मिळाला. वहिनी आजही तो घालते, माणूस म्हणून ती तुझ्यापेक्षा दिलदार आहे.

आणि पहिल्या आठवड्यातली ती चूक. ती जगात फक्त आपल्याच घरात होऊ शकते. आईने आपल्याला काय शिकवलं होतं? दिवस मावळायच्या आत सगळं धुवायचं, पुसायचं, कोरडं करून ठेवायचं. ओलं ठेवलं की वास येतो आणि वास आला की लाज जाते. तीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतलेल्या बाईची मुलगी मी. पहिल्याच दिवशी काम संपल्यावर मी ते मशीन लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं पुसून काढलं. हेड विसाव्याला जिथे बसतं तिथे एक रबराची वाटी असते. तिच्यात थोडं पाणी दिसलं, तेही टिपलं. कोरडं ठणठणीत केलं. सकाळी तपासणीची पट्टी काढली तर पांढऱ्याची एकही रेघ नाही. तंत्रज्ञ फोनवर किंचाळलाच. ती वाटी ओलीच ठेवायची असते म्हणे, तिच्या ओलाव्यावर तर हेड जगतं. तुला फोन केला तेव्हा तू इतका हसलास की खोकला लागला. मग तू म्हणालास, "आईने पण हेच केलं असतं." दोन दिवस त्या वाटीत शाई विरघळवणारं औषध घालून बसले आणि एकेक रेघ परत आली. आईचं नाव घेऊन हसलेलो आपण तेवढेच, गेल्या कित्येक वर्षांत.

दुसरी चूक मात्र तुला मी कधी सांगितली नाही. ते चारशे सदरे दिले आणि पंधरा दिवसांनी मावशी माझ्या दारात उभ्या. मावशी म्हणजे आपल्या आईच्या जोडीदारीण, वीस वर्षं दोघींनी मोठ्या इस्त्रीवर समोरासमोर चादरी धरल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत माझे सदरे, हॉस्पिटलचं नाव कडेने सालपटासारखं उठलेलं. तुमच्या लॉन्ड्रीतलं उकळतं पाणी मी हिशेबातच धरलं नव्हतं. घाईत पावडर पुरती वितळायच्या आधीच फिल्म ओव्हनमधून काढत होते, आणि सोलल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाबायचं असतं, ते तर करतच नव्हते. मावशींनी एक शब्द वर कळवला असता तर काम त्याच दिवशी गेलं असतं, आणि तुझी मान खाली गेली असती ते वेगळंच. त्यांनी काय केलं? तीन आठवडे रोज पाळी संपली की एक पिशवी आणायची, आदली पिशवी न्यायची. मी एकेक सदरा पुन्हा दाबून द्यायचा. तुझ्या नाकाखालून चारशे सदरे आले आणि गेले. धुलाईतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं, कोणी बोललं नाही. मी मावशींना विचारलं, का केलंत एवढं? त्या म्हणाल्या, "तुझी आई असती तर तिनंच आणल्या असत्या पिशव्या. ती नाही, म्हणून मी."

तू म्हणतोस खाल्ल्या घरचे वासे. मी दोन घरचं खाल्लंय, दादा. एक घर तुझ्या साहेबांचं आणि एक या बायकांचं. आणि वासे मोजायचे तर मी कोणाचे मोजते आहे, ते जरा थांबून बघ.

गेल्या महिन्यात वॉर्डातून आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यात सलाईनची सुई होती आणि ती मावशींच्या तळहातात शिरली. हे तुला मी सांगायला नको. त्या तुझ्याच टेबलाशी आल्या होत्या, हाताला रुमाल गुंडाळून. नोंदवहीत नोंद झाली तर रक्त तपासतात, औषध सुरू करतात, तीन महिने लक्ष ठेवतात. नोंद नाही तर तपासणी नाही. तू त्यांना पाणी दिलंस, खुर्ची दिलीस, गोड बोललास, आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलंस, निरंक. तपासणी तोंडावर आलीय, आत्ता नको, नंतर बघू, असं म्हणालास म्हणे. वॉर्डातल्या लोकांनी सुया चादरीत टाकायच्या, त्या काढायच्या धुलाईतल्या बायकांनी, आणि टोचली तर टोचली असं बोलायचंही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार यालाच म्हणतात. मावशी रागावलेल्या नव्हत्या, तेच मला सहन झालं नाही. त्या फक्त हाताकडे बघत बसल्या होत्या.

त्यांनी कसलाही दंगा करायचा नाही असं ठरवलंय. काम बंद करणार नाहीत, घोषणा देणार नाहीत. चादरी धुतील, वाळवतील, घड्या घालतील. फक्त उद्या अंगात टीशर्ट असेल. तुला वाटलं, पाठीवर काहीतरी वाईटसाईट लिहिलं असेल. पाठीवर एक साधं वाक्य आहे, 'आधी सुया काढा, मग चादरी पाठवा.' याच्यात साहेबांनी चिडण्यासारखं काय आहे ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

आणि छापू नकोस असं तू मला सांगत होतास ना, तेव्हा ते छापलं जात होतं. तू ज्या खुर्चीवर बसला होतास तिच्या डाव्या हाताला फिल्म सरकत होती. तू चहाचा कप तिच्या कडेला टेकवलास आणि मीच तो उचलून बाजूला ठेवला. तुला वाचता आलं नाही, कारण अक्षरं उलटी असतात आणि वर पांढऱ्याचा थर असतो. वरून बघणाऱ्याला नुसते पांढरे डाग दिसतात. तू विचारलंसही, "हे कसलं चाललंय?" आणि मी म्हटलं, "काम." खोटं बोलले नाही. दाबायचं कामही काल संपलं. बायका पाळी सुटली की दोघी-दोघी आल्या. प्रेसची दांडी त्यांनी स्वतःच खाली ओढली, मला हात लावू दिला नाही. मोठ्या इस्त्रीवर आयुष्य काढलेल्या बायका, त्यांना गरम लोखंड कसं वागतं हे मी काय शिकवणार? गार व्हायच्या आधी सोलू नका एवढंच सांगावं लागलं, आणि तेही एकदाच.

पाठ सांगितली, आता छाती सांगते. या मशीनची खरी गंमत तुला परवा सांगायची राहिली. जुन्या पद्धतीत एक साचा केला की शंभर कापडं एकसारखी निघायची, वेगळं काही हवं तर नवा साचा. यात तसं नाही. यात प्रत्येक कापड वेगळं निघू शकतं, मशीनला त्याचं काही वाटत नाही. म्हणून प्रत्येकीच्या छातीवर तिची तिची तारीख आहे. सुई टोचल्याची तारीख. कोणाची एक, कोणाच्या दोन, इस्त्रीवरच्या उंच बाईच्या चार. सदतीस बायका, एकोणसाठ तारखा. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. एकीलाही आठवायला वेळ लागला नाही. कोणी म्हणाली मुलाच्या परीक्षेचा दिवस, कोणी म्हणाली घर बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी. उद्या तपासणीची मंडळी तुझी वही उघडतील आणि मान वर करून समोर बघतील. वहीत त्या एकोणसाठही दिवसांच्या रकान्यांत काय लिहिलंय ते तुला पाठ आहे.

आता जे अकरा वर्षं बोलले नाही ते. सदतीस नाही, अडतीस टीशर्ट आहेत. अडतिसावा माझा. त्यावर आईची तारीख आहे. तू त्या लॉन्ड्रीत सहा वर्षं हंगामी कारकून होतास, कायम झालास त्याच्या आदल्या मंगळवारची. आई शेवटी पिवळी पडली, पोट फुगलं, आणि डॉक्टर विचारत राहिले की हे यकृताचं दुखणं कधी लागलं, कशाने लागलं, आणि तू भिंतीकडे बघत राहिलास. मला ती हकिकत आईनेच सांगितली, मी तिचे केस विंचरत असताना. सुईने रक्ताळलेला हात घेऊन ती तुझ्या टेबलाशी आली होती. तू वही उघडलीस, लिहायला लागलास, आणि तिनेच तुझा हात धरला. चौकशी लागली तर तुझं कायम होणं पुढे जाईल, म्हणून. "पोराची नोकरी पक्की होऊ दे, मग बघू," असं तिने मनाशी धरलं. मग बघायचं राहूनच गेलं. तिने मला शपथ घातली होती की दादाला हे कधी बोलायचं नाही, तो मोडेल. मी पाळली. परवा तू माझ्या खोलीत बसून तिची शपथ मला घातलीस, छापू नकोस म्हणून, तेव्हा माझी शपथ सुटली. तू शब्द तिचा वापरलास, मग हिशोबही तिचाच होऊ दे.

मी तुला दोष देत नाही, दादा. तेव्हा तू लिहायला बसला होतास आणि तुला थांबवणारी आई होती. मावशींच्या वेळी तुझा हात कोणी धरला नव्हता. मला राग आहे तो याचा. खूप राग आहे, आणि माझं तुझ्यावर प्रेमही आहे. या दोन गोष्टी एकाच खोलीत नांदताहेत, मी काय करू.

गणवेशांचं काम जाईल. जाऊ दे. माझ्याकडे शाळेच्या फुटबॉलच्या मुली आहेत, बेकरीवाला आहे, लग्नात वाजवणारी ती बेसूर मंडळी आहेत. पोटापुरतं होईल, आणि नाही झालं तर मशीन विकेन, पण ते चालू स्थितीत विकेन. पांढरी शाई हलवत राहीन तोपर्यंत.

आणि हे पत्र का लिहिलं, ते. तुला समजवायला नाही, तू समजूतदारच आहेस. विनवायलाही नाही. उद्या साहेब तुझ्याकडे बघून विचारतील, हे तुम्हाला माहीत होतं का? तपासणीची मंडळी विचारतील, या तारखांबद्दल तुम्हाला काही माहीत आहे का? तुला मी ओळखते, तू कानांवर हात ठेवशील. मला काही कल्पना नव्हती म्हणशील, आणि तुझा चेहरा असा साधा की लोक विश्वास ठेवतील. ती वाट मी बंद करते आहे. आता तुला माहीत आहे. पत्र मिळालं नाही असंही म्हणता येणार नाही, कारण पाकीट मी मुद्दाम चिकटवणार नाही. ते वहिनीच्या हातात देणार आहे आणि माझ्यासमोर तिला पहिल्या ओळीपासून वाचायला लावणार आहे. तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर बसलेली असेल. तिच्याकडे बघ, आणि मग उद्या नऊच्या आत, तपासणीची मंडळी यायच्या आधी, मावशींची नोंद कर.

तुझीच,
धाकटी